जीर्णोद्धार करणारे तुकोबाराय

॥ श्री ॥



आपल्या गावच्या मंदिराचे काम पूर्णत्वास जाऊन ही स्मरणिका आज आपल्या हाती येत आहे. कुणी रोख रक्कम दिली, कुणी वाळू-सिमेंटची गाडी उतरवली, कुणी लाकूड दिले. आणि ज्यांच्यापाशी यांतले काहीच नव्हते त्यांनी शेताची कामे सांभाळून अंगमेहनत दिली. अशा मंगल प्रसंगी एखाद्या संताचे चरित्र स्मरणिकेत असावे, असा आपल्याकडील रिवाज आहे. कोणाचे चरित्र द्यावे असा विचार करता श्री तुकाराम महाराजांचेच नाव पुढे आले, आणि त्यास तसेच कारण आहे.

तुकोबारायांना आपण अभंगकर्ते म्हणून ओळखतो. सप्ताहात, भजनात, काकडआरतीत त्यांचे शब्द आपल्या तोंडी असतात. परंतु तुकोबाराय हे एका भंगलेल्या देवळाचा जीर्णोद्धार करणारेही होते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. त्यांनी ते काम हाती घेतले तेव्हा पेढी भरभराटीत नव्हती. दिवाळे निघाले होते, घरात मृत्यू होऊन गेले होते, आणि चारचौघांत मान वर करून चालण्याची सोय उरली नव्हती. अशा वेळी माणसाला देऊळ बांधावेसे का वाटावे? या प्रश्नाच्या पाठोपाठ गेले म्हणजे त्यांचे सारे चरित्र उलगडते.

घराणे

पुण्याच्या वायव्येस इंद्रायणीच्या काठी देहू हे गाव आहे. आपल्या भागातून मुरबाड, टोकावडे करीत माळशेजचा घाट चढले, की ओतूर, नारायणगाव, चाकण या वाटेने देहूस जाता येते. या देहूत मोरे घराण्यात, आंबिले आडनावाच्या कुळात, तुकोबांचा जन्म झाला. जन्माच्या वर्षाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. शके १५३०, म्हणजे इसवी सन १६०८, हे वर्ष सर्वसाधारणपणे मानले जाते. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरला भाऊ सावजी, मधले तुकोबा, धाकटा कान्होबा.

घराण्याचे मूळपुरुष विश्वंभरबाबा. ते पंढरीचे निष्ठावंत वारकरी होते. त्यांच्या भक्तीस्तव विठ्ठल देहूस आला आणि त्यांनी गावात त्याचे देऊळ उभारले, अशी परंपरा आहे. विश्वंभरबाबांपासून आठव्या पिढीत तुकोबा येतात. म्हणजे विठोबाचे देऊळ आणि पंढरीची वारी या दोन गोष्टी त्यांना वारशाने मिळाल्या होत्या. वारसा असला की माणूस तो गृहीत धरतो. घरातल्या देवाकडे रोज पाहूनही त्याचे दर्शन होत नाही, असा आपलाही अनुभव आहेच. तरुणपणीच्या तुकोबांचे तरी याहून निराळे होते असे दिसत नाही.

जातीने कुणबी आणि व्यवसायाने वाणी, असे हे घर. शेती होती, दुकान होते, गावची महाजनकी होती, सावकारी होती. थोरल्या सावजीचे मन संसारात नव्हते, म्हणून वडिलांनी कारभार तुकोबांच्या हाती दिला. तो त्यांनी कोवळ्या वयात उत्तम चालविला. पहिली पत्नी रखुमाई दम्याने आजारी असे, म्हणून पुण्याच्या गुळवे घराण्यातील जिजाई हिच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. हिलाच लोक आवली म्हणून ओळखतात. आईवडील, भाऊ, दोन स्त्रिया, मूलबाळ, गुरेढोरे आणि चालते दुकान, असा भरला संसार होता. या काळात तुकोबांना देवाची ओढ लागली होती असे चरित्रकार सांगत नाहीत. ओढ लागायला मनात जागा लागते, आणि त्यांचे मन तेव्हा भरलेले होते.

दुष्काळ

तुकोबा सतरा वर्षांचे असताना आईवडिलांचे छत्र गेले. पुढच्याच वर्षी सावजीची पत्नी वारली आणि सावजी घर सोडून तीर्थयात्रेस निघून गेला. त्यानंतर आला तो महादुष्काळ. सन १६२९ पासून पुढे दोन-तीन वर्षे दख्खन आणि गुजरात होरपळून निघाले. शाहजहान बादशहाच्या दरबारी इतिहासकारानेही या दुष्काळाचे भयंकर वर्णन लिहून ठेवले आहे. त्यात भर म्हणून लढाया. सन १६३० च्या सुमारास आदिलशाही फौजेने पुणे जाळून उद्ध्वस्त केले. त्याच धामधुमीचा शेवट सन १६३६ साली आपल्या आसनगावाजवळच्या माहुली किल्ल्यावर झाला. तेथे शहाजीराजांना वेढा पडला, किल्ला द्यावा लागला आणि निजामशाही संपली. त्या काळाची झळ आपल्या डोंगरांनाही लागलेली आहे, ती अशी.

देहूत धान्य मिळेना. गुरे मेली. उधारी वसूल होईना आणि दुकानात माल राहिला नाही. सावकारी करणारे घर स्वतःच कर्जात बुडाले. रखुमाई अन्नावाचून गेली, आणि तिच्या पाठोपाठ संतू नावाचा लहान मुलगाही गेला. ज्याच्या कोठारातून चार घरे जगावीत त्याच्याच घरात उपासमारीने मृत्यू व्हावा, याहून मोठा आघात कोणता? दुःख होतेच, शिवाय लाजही होती. दिवाळखोराकडे गाव कसे पाहते ते सांगायला नको. कालपर्यंत ओटीवर बसणारे लोक आज रस्ता बदलतात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. दुष्काळात हजारो लोकांचे सर्वस्व गेले. सर्वच काही संत झाले नाहीत. दुःखाने माणूस देवाकडे वळतोच असे नाही. पुष्कळदा तो कडू होतो, नाहीतर गेले ते परत मिळविण्यासाठी दुप्पट हव्यासाने धावू लागतो. तुकोबांनीही पुन्हा व्यापाराची खटपट करून पाहिली. ती फसली. मग मात्र त्यांनी निराळा प्रश्न स्वतःला विचारला. जे इतक्या सहज जाते ते माझे होते कशावरून, आणि जे जात नाही असे काही आहे काय? या प्रश्नाने ते अस्वस्थ झाले आणि घरातून उठून भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. या डोंगराला भामचंद्र असेही म्हणतात. तो चाकणच्या बाजूस आहे. परंपरा अशी, की तेथे पंधरा दिवस ते एकटे होते, आणि तेथेच त्यांना साक्षात्कार झाला.

राब

आपण भातशेतीवर जगणारी माणसे, म्हणून ही गोष्ट आपल्याच शेताच्या भाषेत सांगतो. चैत्र-वैशाखात आपण राब भाजतो. शेण, पालापाचोळा, काटक्या अंथरून त्या जागेला आग देतो. तण जळते, तणाचे बी जळते, जमीन काळी पडते. नवख्या माणसाला वाटेल की या लोकांनी आपली जमीन नासवली. परंतु भाजल्याशिवाय आवण धरत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. आणखी एक गोष्ट आपण पाहिलेली आहे. राब भाजून झाला की शेतकऱ्याची नजर आभाळाकडे लागते. तोपर्यंत पाऊस कधी येईल याची नुसती चौकशी असते. भाजून झाल्यावर तळमळ सुरू होते. जमीन तयार आहे, आता तू ये, अशी ती वाट पाहणे असते.

दुष्काळाने तुकोबांचा संसार भाजून काढला. डोंगरावर बसून त्यांनी उरलेले तणही आपल्या हाताने जाळले. परिस्थितीने आपल्याकडून हिरावून घेतले त्याला वैराग्य म्हणत नाहीत, ते नुकसान. हिरावून घेतल्यावर त्याची आस आपण होऊन सोडणे, हे वैराग्य. आणि ही आस सुटली म्हणजे मग देवाची तळमळ लागते.

खतपत्रे

धाकटा कान्होबा भावाला शोधीत डोंगरावर आला. दोघे भाऊ इंद्रायणीकाठी आले. चरित्रकार सांगतात, की तुकोबांनी तेथे घरातील कर्जखते मागवून घेतली. लोकांकडून येणे असलेल्या रकमांचे ते कागद. दुष्काळ ओसरल्यावर त्यांची हळूहळू वसुली करून घर पुन्हा उभे करता आले असते. तुकोबांनी त्यांचे दोन वाटे केले. अर्धा वाटा कान्होबाच्या हाती दिला, आणि आपला अर्धा वाटा इंद्रायणीत सोडून दिला.

ही गोष्ट आपण कीर्तनात अनेकदा ऐकतो, पण तिच्यातील दोन बारकावे निसटून जातात.

पहिला असा, की कान्होबाचा वाटा त्यांनी बुडविला नाही. त्याला संसार करायचा होता. माझ्या मनाला विरक्ती आली म्हणून भावाच्या मुलांच्या तोंडचा घास मी पाण्यात टाकू शकत नाही, हा विवेक तुकोबांपाशी होता. वैराग्य ज्याचे त्याने आपल्या वाट्याचे करावयाचे असते. दुसऱ्याच्या जिवावर करावयाचे नसते.

दुसरा बारकावा असा, की ते कागद बुडाले तेव्हा एकटे तुकोबाच मोकळे झाले नाहीत. ज्यांची नावे त्या कागदांवर होती ती कुळेही मोकळी झाली. आपल्या ठाणे जिल्ह्यातील जुन्या माणसांना याची किंमत वेगळी सांगायला नको. पावसाळ्यात पोटासाठी घेतलेली खावटी, लग्नासाठी उचललेले पैसे, आणि त्यापायी सावकाराच्या घरी राबणारे लग्नगडी, हे आपल्या जंगलपट्टीतील आदिवासी बांधवांनी पिढ्यान्पिढ्या सोसले आहे. वेठबिगारी बंद करणारा कायदा व्हायला सन १९७६ उजाडावे लागले. त्याआधी साडेतीनशे वर्षांपूर्वी एका सावकाराने आपण होऊन कागद पाण्यात सोडले होते. आसक्ती ही केवळ मनातली गोष्ट नसते. आपल्या आसक्तीची दोरी बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात असते. आपण ती सोडली की त्यालाही श्वास घेता येतो.

देऊळ

विश्वंभरबाबांनी बांधलेले विठोबाचे देऊळ या काळात भंगले होते. तुकोबांनी आपली हकीकत सांगणारे काही अभंग लिहिले आहेत. त्यांत ते जो क्रम देतात तो पाहण्यासारखा आहे. आधी आईवडिलांचा मृत्यू, मग दुष्काळ, पत्नीचा अंत, लाज, धंद्यातील तूट. आणि त्यानंतर लगेच येते ते भंगलेले देऊळ, आणि ते नीट करावे असे मनाने घेतल्याचा उल्लेख. कीर्तन, पाठांतर, गुरूपदेश, कवित्व हे सर्व त्याच्या पुढे. म्हणजे परमार्थाच्या वाटेवर तुकोबांनी केलेले पहिले काम कुठले, तर पडके देऊळ उभे करणे.

द्रव्य नव्हतेच. परंपरा सांगते, की त्यांनी स्वतः माती खणली, दगड वाहिले, चिखल तुडविला, भिंती घातल्या. कालचा महाजन आज गवंड्याचे काम करताना पाहून लोक काय म्हणाले असतील, याची कल्पना करता येते. परंतु मनाला जडलेली प्रतिष्ठा काढून टाकायला डोक्यावरच्या पाटीसारखे औषध नाही. डोंगरावर बसून धनाची आस गेली असेल; मोठेपणाची आस चिखल तुडवताना गेली. बाहेर भिंत चढत होती आणि आत अहंकाराची भिंत उतरत होती.

देऊळ उभे राहिले. एकादशीला तेथे कीर्तन सुरू झाले. प्रारंभी आपले मन अभ्यासात रमत नव्हते, असे तुकोबाच प्रांजळपणे सांगतात. मग त्यांनी पूर्वीच्या संतांची वचने आदराने पाठ केली. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, कबीर यांच्या वाणीचा त्यांनी अभ्यास केला. पुढे उभे राहून कीर्तन करण्याची योग्यता आपल्यात नाही असे मानून ते दुसऱ्यांच्या मागे ध्रुपद धरीत. अंग झिजवून होईल तेवढा परोपकार करीत. आप्तांनी संसाराचा आग्रह धरला तरी तो त्यांनी ऐकला नाही. खरे काय आणि खोटे काय, याला बहुमताची साक्ष न घेता आपल्या मनाची साक्ष घेतली.

भंडारा डोंगर आणि जिजाई

देहूजवळच्या भंडारा डोंगरावर तुकोबा दिवसदिवस नामस्मरणात बसत. या काळातील त्यांच्या अभंगांत शांतीपेक्षा तळमळच अधिक दिसते. देव भेटत नाही म्हणून ते रडतात, रुसतात, त्याच्याशी भांडतात, त्याला बोल लावतात. विरक्ती आली की माणूस कोरडा होतो असा एक समज आहे. तुकोबांकडे पाहिले की तो समज दूर होतो. दहा ठिकाणी वाटले गेलेले प्रेम त्यांनी गोळा केले आणि एका ठिकाणी लावले. म्हणून त्याला इतका वेग आला. वाटेत फाटे फुटले की ओढा आटतो, आणि फाटे बुजवले की तोच ओढा बांध फोडतो.

येथे जिजाईविषयी दोन शब्द लिहिणे कर्तव्य आहे. कीर्तनात तिला कजाग म्हणून रंगविण्याची चाल पडली आहे. तिची बाजूही पाहावी. पुण्याच्या खात्यापित्या घरातील ही मुलगी. नवऱ्याने कागद नदीत सोडले तेव्हा तिला कुणी विचारले नव्हते. पोरे तिला सांभाळावयाची होती, चूल तिला पेटवावयाची होती. ती विठोबाला शिव्या घाली, आणि तरीही नवरा जेवल्याशिवाय आपण जेवावयाचे नाही म्हणून भाकरी घेऊन भंडारा डोंगर चढे. त्या वाटेवर एकदा तिच्या पायात काटा रुतला आणि ज्याला ती शिव्या देत होती त्याच विठ्ठलाने येऊन तो काढला, अशी कथा आहे. लोकांनी ही कथा जपली, त्यातच लोकांचा न्याय दिसतो. देव भजन करणाऱ्याच्या घरी जातो तसा भाकरी घेऊन निघालेल्या बाईच्या पायाशीही बसतो, असे त्यांना वाटले. तुकोबांच्या वैराग्याचा निम्मा भार जिजाईने वाहिला. आपल्याही गावात देवळाच्या कामासाठी पुरुष रात्ररात्र बैठकीत बसले तेव्हा घरची गुरे, मुले आणि भात कुणी सांभाळले, याचा विसर पडू नये.

आणि तुकोबांनी घर सोडले नाही, हेही लक्षात ठेवावे. दीक्षा घेऊन, भगवी वस्त्रे नेसून ते कुठे निघून गेले नाहीत. देहूतच राहिले, बायकामुलांत राहिले. काशी, भागीरथी, गंगा या त्यांच्या मुली; महादेव, विठोबा आणि नारायण हे मुलगे. मन मोकळे करणे आणि जबाबदारी टाकून पळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

वह्या

माघ शुद्ध दशमी, गुरुवार. या दिवशी बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात येऊन तुकोबांना उपदेश दिला आणि राम कृष्ण हरी हा मंत्र सांगितला. पुढे स्वप्नातच नामदेवराय विठ्ठलास घेऊन आले व त्यांनी कवित्व करण्याची आज्ञा केली. तेव्हापासून अभंग वाहू लागले. चाकणचे संताजी तेली जगनाडे यांच्यासारखे टाळकरी ते उतरून घेऊ लागले. कीर्तनाला दुरून लोक येऊ लागले.

लोक येऊ लागले तसे विरोधकही झाले. शूद्राने धर्माचे बोलावे, वेदांचा अर्थ सांगावा, हे काहींना सोसेना. देहूतील मंबाजी गोसाव्याने त्यांना काटेरी फोकाने मारल्याची कथा प्रसिद्ध आहे. त्याच रात्री मंबाजी कीर्तनास आला नाही म्हणून तुकोबा त्याच्याकडे गेले आणि मारून मारून त्याचे हात दुखत असतील म्हणून सेवा करू लागले, असे सांगतात. वाघोलीचे रामेश्वर भट्ट हे विद्वान ब्राह्मण. त्यांच्या निषेधामुळे तुकोबांना आपल्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या.

आता पाहा, त्याच इंद्रायणीत त्यांनी दुसऱ्यांदा कागद सोडले. पहिल्या वेळी ते कर्जाचे होते, आणि ते सोडताना मन हलके झाले. या वेळी वह्या होत्या. देवाच्या आज्ञेने लिहिलेल्या, रक्त आटवून लिहिलेल्या. त्या सोडताना हृदय फाटले. धनाची आसक्ती सुटते, घरादाराची सुटते; परंतु मी देवासाठी जे केले त्याची आसक्ती फार चिवट असते, कारण ती भक्तीची वस्त्रे नेसून येते. नदीकाठच्या शिळेवर तुकोबा अन्नपाणी सोडून तेरा दिवस बसून राहिले. आपली सेवा देवाला रुजू झाली की नाही, एवढेच त्यांना हवे होते. तेराव्या दिवशी वह्या पाण्यावर कोरड्या तरंगून आल्या अशी श्रद्धा आहे. गावोगावच्या लोकांच्या तोंडी ते अभंग आधीच वसलेले असल्यामुळे ते बुडणे शक्यच नव्हते, असेही काही जण सांगतात. ज्याची जशी श्रद्धा. दोन्ही वाटांनी आपण एकाच ठिकाणी पोहोचतो: तुकोबांनी सोडले, म्हणून ते सर्वांचे झाले. ती शिळा देहूस आहे. तेथील नव्या शिळा मंदिराचे लोकार्पण सन २०२२ मध्ये झाले.

पुढे रामेश्वर भट्ट शरण आले आणि तुकोबांचे शिष्य झाले. वारकरी जी तुकोबांची आरती म्हणतात ती त्यांचीच मानली जाते. वैजापूरजवळच्या शिऊरच्या संत बहिणाबाई, जन्माने ब्राह्मण, त्यांनीही तुकोबांनाच गुरू मानले. शिवाजी महाराजांनी नजराणा पाठविला तेव्हा तुकोबांनी तो परत केला, असे परंपरेने सांगितले जाते. अशा परत करण्यात रुबाब नव्हता. राब एकदा भाजला तरी तण दर वर्षी उगवते, हे शेतकऱ्याच्या या पोराला ठाऊक होते. म्हणून तो सावध होता, एवढेच.

अखेर आणि नंतर

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस, म्हणजे सन १६५० च्या मार्च महिन्यात, तुकोबाराय वैकुंठास गेले. वय अवघे बेचाळीस. आपण तो दिवस तुकाराम बीज म्हणून पाळतो. त्या वेळी जिजाई गरोदर होती. नारायणबाबांचा जन्म त्यानंतरचा. वडिलांचे तोंडही न पाहिलेल्या याच मुलाने सन १६८५ पासून पादुका पालखीत ठेवून देहूहून पंढरीस नेण्याचा सोहळा सुरू केला. आज लाखो माणसे त्या पालखीबरोबर चालतात. सन १८६९ आणि १८७३ साली मुंबई सरकारच्या मदतीने गाथेचे दोन भाग छापून निघाले. त्यांत सुमारे साडेचार हजार अभंग आहेत. पाण्यात सोडलेल्या वह्यांची ही पुढची हकीकत.

तुकोबांनी मातीने घातलेल्या त्या भिंती काळाच्या ओघात बदलल्या. देहूच्या देवळाची पुढे नव्याने बांधणी झाली. त्या पहिल्या जीर्णोद्धाराचा जमाखर्च कुठेही शिल्लक नाही. किती दगड लागले, कुणी किती दिले, याचा एकही शिलालेख नाही. शिल्लक राहिली ती त्या कामात मोकळ्या झालेल्या मनातून उगवलेली वाणी.

भाविक बंधुभगिनींनो, या स्मरणिकेच्या पुढील पानांवर देणगीदारांची नावे आहेत, आणि ती असलीच पाहिजेत. सार्वजनिक पैशाचा हिशेब चोख असावा, हा गावाचा धर्म आहे. परंतु हे चरित्र वाचून झाल्यावर प्रत्येकाने स्वतःशी एक लहानसा हिशेब करावा. देवळाला जे दिले ते देताना हातातून सुटले, तसे मनातूनही सुटले काय? आपले नाव कितव्या ओळीत आले, शेजाऱ्याने किती दिले, माझ्या रकमेची पाटी कुठे लागली, हे विचार अजून येत असतील तर घाबरण्याचे कारण नाही. तुकोबांनाही दोनदा नदीवर जावे लागले. थोडे तण राहिले आहे, एवढेच समजावे आणि पुन्हा राब भाजावा. आणि ज्याच्यापाशी कुणाचा जुना कागद असेल, जुना राग असेल, बांधाचे जुने भांडण असेल, त्याने ते या निमित्ताने पाण्यात सोडता आले तर सोडावे. कळसारोहणाच्या दिवशी देवाला याहून मोठी देणगी नाही.

दगड-विटांचे देऊळ आपण सर्वांनी मिळून उभे केले. आता त्यात उभे राहिल्यावर आभाळाकडे पाहणाऱ्या भाजल्या जमिनीसारखी आपली दशा व्हावी, आणि मृगाच्या पहिल्या सरीप्रमाणे त्याची कृपा आपल्यावर बरसावी, हीच तुकोबारायांच्या चरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥